त्या मुलासमोर बोलता येईल असा तास

सल्ला सदर : वाचकांचं पत्र आणि उत्तर

पत्र :
ताई, मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी १ डिसेंबरला आमची प्रभातफेरी निघते. यंदा ‘चारित्र्य जपा, एड्स टाळा’ हा फलक आठवीतल्या एका मुलाच्या हातात आला. त्याचे वडील मुंबईला कामाला होते, तिथेच आजारी पडून वारले. ते कशाने गेले याची वाडीत कुजबुज असते. फेरीनंतर तो मुलगा शाळेत येईना. नंतर आला, पण आता कोणाशी बोलत नाही. त्याच आठवड्यात एक आई येऊन म्हणाली, “बाई, माझ्या पोराक त्येच्या बाजूक बसवू नकात.” पोषण आहाराच्या पंगतीतसुद्धा नको, असं तिचं म्हणणं. एका सहकाऱ्याने सुचवलं की मुलाचा एचआयव्हीचा रिपोर्ट मागून घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल. मुख्याध्यापक म्हणतात, तो धडा मुलांना घरी वाचायला सांगा, पालक तक्रार करतील. वर्गात मुलगे-मुली एकत्र आहेत, विषय काढला की सगळे खाली बघतात नाहीतर हसतात. मी नक्की काय करू?
— एक विज्ञानशिक्षिका

उत्तर :
बाई, आधी रिपोर्टचं बोलते, कारण तिथे उशीर करून चालणार नाही. रिपोर्ट मागू नका आणि दुसऱ्या कोणाला मागू देऊ नका. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षण घेण्यासाठी कोणावरही चाचणीची अट घालता येत नाही, संसर्ग आहे किंवा असेल या संशयावरून मुलाला वेगळं बसवता येत नाही, आणि कोणाच्या संसर्गाची माहिती आपल्याला कळलीच तर ती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. तुमच्या सहकाऱ्यांना हे शांतपणे, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगा. एकट्याला सांगितलं तर ते दोघांतलं बोलणं राहतं. सगळ्यांसमोर सांगितलं की तो शाळेचा नियम होतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तो कागद हातात घेऊन तुम्ही वेगळं काय करणार होतात? एका बाकावर बसणं, एका ताटात जेवणं, एकाच नळाचं पाणी, एकच शौचालय, कबड्डीतली झोंबाझोंबी, खोकला, घाम, अश्रू यांतल्या कशानेही एचआयव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे पुढे एड्स होतो तो, पसरत नाही. राहता राहिलं रक्त. त्यासाठी शाळेत नियम हवाच, पण तो सगळ्या मुलांसाठी एकच हवा. कोणाच्याही गुडघ्याला लागलं तर हातमोजे घालायचे, जखम साबणाच्या पाण्याने धुऊन पट्टी बांधायची, जमिनीवर सांडलेलं रक्त ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसायचं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर चालते. हातमोज्यांचा एक डबा कार्यालयात आणि एक मैदानाच्या कपाटात ठेवा. हा नियम पाळला की कोणाला काय आहे हे शाळेला माहीत असण्याची गरजच उरत नाही.

आणि त्या मुलाला संसर्ग आहे असं धरून चालण्याला आधार काय? वडिलांकडून मुलाला एचआयव्ही थेट येत नाही. तो आला तर आईकडून येतो, गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. आईला संसर्ग असून काहीच उपचार नसले तरी शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना तो होतो, सगळ्यांना नाही. आईला वेळेवर औषधं मिळाली तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. वाडीतल्या कुजबुजीला हे आकडे माहीत नाहीत. तुम्हाला माहीत असायला हवेत.

आता फलकाचं. तुम्ही त्यावर फार लिहिलं नाहीत, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं मला तेच वाटलं. ‘चारित्र्य जपा, एड्स टाळा’ हे वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण ज्याचे वडील गेले आहेत त्या तेरा वर्षांच्या मुलाला त्यातून काय ऐकू आलं असेल? तुझ्या बापाला चारित्र्य नव्हतं, हेच. त्याच्या आईला काय ऐकू आलं असेल? आपल्या भागात ज्या बायकांना हा संसर्ग झाला त्यांतल्या कित्येकींचा संबंध आयुष्यभर एकाच पुरुषाशी आला, लग्नाच्या नवऱ्याशी. त्यांच्या चारित्र्यात काय कमी होतं? विषाणू चारित्र्य तपासून शरीरात शिरत नाही. तो ठरावीक वाटांनी शिरतो, आणि त्या वाटा कशा बंद करायच्या एवढंच शिकवायचं असतं.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा. या विषयावरचं प्रत्येक वाक्य, प्रत्येक चित्र, प्रत्येक घोषणा एका कसोटीवर घासून घ्या : एचआयव्हीसह जगणारं एखादं मूल, किंवा ज्याच्या घरात हा आजार आहे असं मूल, या वर्गात बसलं आहे, आणि ते मान वर ठेवून हे ऐकू शकेल का? असं मूल तुमच्या वर्गात खरोखर असू शकतं. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, ४ लाखांच्या आसपास होता. ही माणसं कोणाची तरी आई, काका, मोठा भाऊ आहेत. कवटीचं चित्र, ‘एड्स म्हणजे मरण’ ही घोषणा, हाडांचा सापळा झालेल्या रुग्णाचा फोटो या कसोटीवर टिकत नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात असले जुने तक्ते असतील तर ते काढून टाका.

ते तक्ते आता खोटेही आहेत. १९८६ साली चेन्नईत भारतातला पहिला संसर्ग सापडला तेव्हा औषध नव्हतं, भीती खरी होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून एआरटीची, म्हणजे या विषाणूला आवर घालणारी, औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच औषध सुरू करायचं धोरण आहे, पूर्वीसारखी रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या घसरायची वाट बघत नाहीत. बहुतेकांना रोज एक गोळी घ्यावी लागते. ती नेमाने घेतली तर माणूस इतरांसारखा काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे शेवटचं वाक्य शिक्षकांनाही फार कमी ठिकाणी माहीत असतं. मुलांना ते मुद्दाम सांगा, कारण भीती दाखवून वाढवलेलं पोर पुढे मोठं झाल्यावर चाचणीच करून घेत नाही. मरणच येणार असेल तर कशाला बघायचं, असं त्याला वाटतं. आणि चाचणी न झालेला माणूस स्वतःही आजारी पडतो आणि नकळत दुसऱ्यालाही संसर्ग देतो.

मुख्याध्यापकांच्या काळजीला मी उडवून लावणार नाही. २००७ साली केंद्राच्या किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमावरून गदारोळ झाला, आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो शाळांमध्ये थांबवला. त्या वेळी शिक्षकांनी जो धसका घेतला तो अजून गेलेला नाही. पण तुम्हाला बाहेरचं काही आणायचंच नाही. आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘आरोग्य व रोग’ या पाठात एड्स आहे. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मानवी प्रजननाचा पाठ आहे. हे राज्याचं पाठ्यपुस्तक आहे, परीक्षेला येतं. मुख्याध्यापकांना सांगा की मी धडा वगळत नाही, धडा शिकवते आहे, आणि तासाचं टाचण त्यांना आधी दाखवून त्यावर सही घ्या. सही झाली की तक्रार आली तरी ती तुमच्या एकटीवर येत नाही, आणि बहुतेक मुख्याध्यापकांना सही करताना टाचण वाचावंच लागतं. वाचलं की निम्मी भीती जाते.

तास कसा घ्यायचा? पहिल्या दिवशी प्रश्नपेटी ठेवा. बुटाचं खोकं चालेल. पण एक पथ्य पाळा : चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची, प्रश्न नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ असं लिहून टाकायची. नाहीतर जो लिहितो तोच उघडा पडतो आणि मग कोणीच लिहीत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, वर्गात नको. अक्षर ओळखू आलं तरी चेहऱ्यावर दाखवू नका. उत्तरं पुढच्या तासाला द्या, प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडून.

खोक्यातून काय निघेल याचा अंदाज मी आत्ताच देऊ शकते. डास हमखास असेल. हिवताप डासामुळे होतो हे मुलांना पाठ असतं, मग एचआयव्ही का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि तिथून त्याच्या लाळेत येतो. डास चावताना आपल्या अंगात लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त सोडत नाही. एचआयव्ही डासात वाढूच शकत नाही, तो त्याच्या पोटात नष्ट होतो. एवढं सांगितलं की मुलं पुढचं स्वतः जोडतात. नुसतं ‘डासाने होत नाही’ म्हणालात तर ती मान डोलावतील आणि मनात शंका ठेवतील.

मग सलूनचा वस्तरा. नवं ब्लेड मागायचं, हे साधं उत्तर, आणि एवीतेवी चांगली सवय. कावीळ पसरवणारे हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तातून एचआयव्हीपेक्षा सहज पसरतात, हे याच ओघात सांगा. जत्रेतलं गोंदण हा आपल्याकडचा खरा प्रश्न. आंगणेवाडीला किंवा कुठल्याही जत्रेला पोरं हातावर नाव काढून घेतात, आणि एकच सुई, एकच शाई रांगेतल्या सगळ्यांना लागते. इथे ‘काही होत नाही’ म्हणू नका. धोका आहे, म्हणून सुई आपल्या डोळ्यांदेखत नवी फोडलेली असेल तरच हात पुढे करायचा. बंदरावरची मुलं विचारतील की माशाचा काटा लागला, जाळं ओढताना हात चिरला तर? माशात एचआयव्ही नसतो. माणसाच्या शरीराबाहेर पडलेला विषाणू फार टिकतही नाही. खाऱ्या पाण्यात, विहिरीत, तळ्यात एकत्र पोहल्याने काही होत नाही. जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घ्यायचं, ही सूचना जाता जाता द्या.

पसरण्याच्या वाटा सांगताना आडून बोलू नका. संसर्ग असलेल्या व्यक्तीबरोबर निरोध न वापरता लैंगिक संबंध, संसर्ग असलेलं रक्त, वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला. ‘सुरक्षित संबंध’ असं म्हणून पुढे गेलात तर आठवीतल्या मुलाला वाटतं की दार लावून घेणं म्हणजे सुरक्षित. लैंगिक संबंध, वीर्य, योनी, निरोध हे शब्द पुस्तकी आहेत, स्वच्छ आहेत, ते सरळ आवाजात उच्चारा. मुलं हसतील. हसू द्या, रागावू नका, हसणं ओसरलं की तेच वाक्य पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा कोणी हसत नाही. निरोध वापरून दाखवण्याची या वयात वर्गात गरज नाही, पण तो आहे, तो कशासाठी असतो आणि औषधाच्या दुकानात आणि सरकारी दवाखान्यात मिळतो, हे नववी-दहावीला कळायलाच हवं. तुमच्या वर्गातली मुलं दहावी-बारावी झाली की मुंबईला, गोव्याच्या हॉटेलांत, कोणी जहाजावर जातील. त्यानंतर त्यांना हे सांगणारं कोणी भेटणार नाही, सांगतील ते खोलीतले मित्र आणि मोबाइल.

मुलगे-मुली एकत्र की वेगळे? पाळी, वयात येणं, शरीरातले बदल यांवर आधी वेगळे बसवा, मुली मोकळ्या होतात. मुलग्यांचा तास शाळेतले एखादे समजूतदार सर घेतील तर उत्तम, नाहीतर तुम्हीच घ्या. एचआयव्हीचा तास मात्र एकत्रच. एकमेकांना नाही म्हणण्याचा हक्क आहे, जबरदस्ती हा गुन्हा आहे, हे मुलग्यांनी मुलींच्या देखत ऐकलेलं बरं. वेगळं बसवलं तर मुलींना जपायला सांगितलं जातं आणि मुलग्यांना काहीच सांगितलं जात नाही.

इथे एक गंभीर तयारी ठेवा. प्रश्नपेटीत एखाद्या दिवशी प्रश्न निघणार नाही, हकिगत निघेल. नात्यातला, शेजारचा, कोणीतरी काहीतरी करतो आहे, अशी. अठरा वर्षांखालच्या मुलावर झालेला लैंगिक अत्याचार कळल्यावर गप्प बसणं पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मुख्याध्यापक नको म्हणाले तरी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. घटना ताजी असेल तर मुलाला लगेच सरकारी रुग्णालयात न्या. ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं तर एचआयव्हीचा संसर्ग टाळता येतो. ते २८ दिवस घ्यायचं असतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. हे ७२ तास मुलांनाही सांगून ठेवा. कधी कोणाला उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पालकांची सभा घ्या, पण वेळ बघून. मासळी विकणारी आई सकाळी येऊ शकत नाही, आणि बाप बोटीवर असतो. जून-जुलैत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा रविवारी संध्याकाळी बोलावलंत तर बापेही येतील. शेतीवाल्यांची लावणी असते, म्हणून संध्याकाळच. “पोरांका ह्या असला कित्याक शिकवतास?” असं कोणीतरी विचारणारच. त्यावर भाषण करू नका. प्रश्नपेटीतल्या दहा-बारा प्रश्नांची यादी, नावं-गावं कळणार नाहीत अशी, मोठ्याने वाचून दाखवा. आपली पोरं काय काय विचारतात हे ऐकलं की सभा गप्प होते आणि मग पालक स्वतःच्या शंका विचारू लागतात. त्यांनाही डासाचं माहीत नसतं.

कोणी म्हणेल, हे आपल्या संस्कृतीत नाही. त्याला सांगा की दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीतून चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने बोलणं कोकणी माणसाने शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं आहे.

आणखी एक वाक्य सभेत येईल, ‘हे बाहेरचे खलाशी आणतात’. किंवा बागेतले नेपाळी, किंवा ट्रकवाले, किंवा मुंबईकर चाकरमानी. ते तिथल्या तिथे थांबवा. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहणाऱ्या कोणालाही धोका जास्त असतो, मग तो मुंबईत राहणारा आपला भाऊ असो की आपल्या बंदरावर आलेला दुसऱ्याचा भाऊ. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आता आपल्याच शाळांत शिकतात. त्यांच्याबद्दल बोलतानाही तीच कसोटी लावा.

ज्या आईने तक्रार केली तिला सभेची वाट बघायला लावू नका. तिला एकटीला बोलवा, चहा द्या. ती दुष्ट नाही, घाबरलेली आहे. त्या मुलाबद्दल एक अक्षर बोलू नका, त्याला आहे असंही नाही आणि नाही असंही नाही, कारण ‘त्याला काही नाही’ म्हणालात तर पुढच्या मुलाबद्दल तेच विचारायचा रस्ता खुला होतो. तिला एवढंच सांगा की या शाळेत कोणाला काहीही असलं तरी तुमच्या मुलाला सोबत बसून, जेवून ते लागणार नाही, आणि का लागणार नाही ते समजावा. पंगतीत तुम्ही स्वतः मुलांमध्ये बसून जेवा, कधी या टोकाला, कधी त्या. जागा बदलू नका. त्या मुलाच्या शेजारी मुद्दाम जाऊनही बसू नका, त्याने तो अधिकच नजरेत येईल.

त्या मुलाशी काय बोलायचं? फेरीबद्दल, वडिलांबद्दल काही विचारू नका. तो फलक चुकीचा होता, शाळेने तो बदलला, हे सगळ्या वर्गाला सांगा, कारणासकट. त्याला ते पोचेल. त्याच्या आईला भेटायला जायचं तर अभ्यासाचं निमित्त ठेवा. ती आपणहून बोलली तर ऐका, आणि सांगा की ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला-तपासणी केंद्रात, समुपदेशन आणि चाचणी मोफत होते, गोपनीय राहते, आणि घराजवळ जायचं नसेल तर कणकवलीला किंवा ओरोसला जाता येतं. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, फोनवर नाव सांगावं लागत नाही. ती बोलली नाही तर अभ्यासाचं बोलून परत या.

आयसीटीसीच्या समुपदेशकांना शाळेतही बोलवा, पण तुमचे दोन तास झाल्यावर. पाहुण्याने पहिल्यांदा विषय काढला तर मुलांना वाटतं की हे आपल्या बाईंशी बोलायचं नसतं. ते काय दाखवणार आहेत हे आधी विचारून घ्या आणि ती कसोटी त्यांनाही सांगा, चांगला समुपदेशक राग मानणार नाही. डिसेंबरची फेरी बंद करू नका. फलक मात्र मुलांकडूनच लिहून घ्या, तास झाल्यानंतर, आणि प्रत्येक फलकावर १०९७ येऊ द्या.

प्रश्नपेटीत अडलेले प्रश्न मला या सदराच्या पत्त्यावर पाठवा. शाळेचं, गावाचं नाव न घालता. जितके येतील तितक्यांची उत्तरं देईन.